झेंड्याची जागा : शेठ जमनालाल बजाज यांचे एक स्मरण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली तेव्हा प्रथम संकोचच वाटला. माझे सारे आयुष्य केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत टिपण्या लिहिण्यात आणि परिपत्रके वाचण्यात गेले. साहित्याशी माझा संबंध वाचकाचा, तोही बी.ए.च्या वर्गात जडलेला. परंतु आपल्या मंडळाशी आणि या जबलपूर शहराशी निगडित असलेला एक विषय काही वर्षे मनात घोळत होता. तोच येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

निमित्त घडले ते आपल्याच मंडळातील १ मेच्या कार्यक्रमाचे. त्या दिवशी व्यासपीठाच्या मध्यभागी उंच काठीवर भगवा झेंडा डौलाने लावलेला होता आणि राष्ट्रध्वज एका आखूड काठीवर, प्रेक्षकांच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात उभा होता. मांडणाऱ्यांच्या मनात अनादराचा लवलेशही नव्हता, हे मी जाणून होतो. तरीही सरकारी नोकराचा स्वभाव आड आला. २६ जानेवारी २००२ पासून अमलात असलेल्या ध्वजसंहितेचा दाखला देऊन मी मांडणी बदलण्याची विनंती केली. मांडणी बदलली, पण मंडळाच्या स्थापनेपासून राबलेले एक वयोवृद्ध सभासद त्यामुळे दुखावले. महाराष्ट्राची जागा दुसरी आहे, असे मी त्यांना ऐकवले, अशी त्यांची समजूत झाली. त्या दिवशी ते भोजनास न थांबता घरी गेले.

नियम माझ्या बाजूचा होता. परंतु त्या नियमामागचा अर्थ मला त्यांना सांगता आला नव्हता, कारण तो मलाच पुरता ठाऊक नव्हता. तो मला सापडला एका मारवाडी शेठजींच्या चरित्रात. ते शेठजी म्हणजे वर्ध्याचे जमनालाल बजाज. आज बजाज हे नाव उच्चारताच स्कूटर आणि कारखाने आठवतात. परंतु ज्या पुरुषाने त्या घराण्याला नाव मिळवून दिले, त्याने एका झेंड्यासाठी तुरुंग पत्करला होता, आणि त्या लढ्याची ठिणगी आपल्याच शहरातील टाऊन हॉलवर पडली होती.

वाळवंटातून वर्ध्याला

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा खेड्यात झाला. तो मुलूख त्या काळी जयपूर संस्थानात मोडत असे. वडील कनीराम व आई बिरदीबाई यांची परिस्थिती बेताची होती. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज यांच्या घरी वारस नव्हता. त्यांनी चार-पाच वर्षांच्या जमनालालला नातू म्हणून दत्तक घेतले. मुलाच्या बदल्यात जन्मदात्यांनी स्वतःसाठी काही मागितले नाही. गावाला पाणी मिळावे म्हणून एक विहीर मात्र बांधून घेतली, असे सांगतात. ही हकीकत ज्यांनी वाळवंटातील पाण्याचे मोल पाहिले आहे त्यांनाच पुरती कळेल.

अशा रीतीने मारवाडातील मूल वऱ्हाडच्या शेजारच्या मराठी मुलखात आले. शालेय शिक्षण जेमतेमच झाले. कोवळ्या वयातच दुकानाच्या वह्यांशी गाठ पडली. १९०२ साली, त्या काळच्या रीतीप्रमाणे, बालवयातच जानकीदेवींशी विवाह झाला. परंतु या व्यापारी घरातील मुलाचे कान बाहेरच्या जगाकडे लागलेले होते. लोकमान्य टिळकांचा केसरी हिंदीतून नागपूरहून निघणार, असे जाहीर झाले तेव्हा, म्हणजे १९०६ च्या सुमारास, या मुलाने रोज हातखर्चाला मिळणाऱ्या रुपयातून साठवलेले शंभर रुपये त्या कार्यासाठी पाठवून दिले. पुढे लाखोंच्या देणग्या त्यांनी दिल्या. परंतु या पहिल्या शंभर रुपयांचा आनंद त्यांना अखेरपर्यंत विशेष वाटत असे.

सतराव्या वर्षी घडलेला एक प्रसंग त्यांच्या स्वभावाची ओळख पटवितो. एका लग्नसमारंभाला जाताना अंगावर दागदागिने घालण्यास त्यांनी नकार दिला. आजोबा संतापले आणि दत्तक मुलाला लागेल असे बोलून गेले. तरुण जमनालालने रीतसर मुद्रांकित कागदावर बच्छराजांच्या साऱ्या संपत्तीवरील आपला हक्क सोडल्याचे लिहून दिले आणि नेसत्या वस्त्रानिशी घर सोडले. त्या लेखात रागाचा अंश नव्हता. होता तो केवळ निर्लोभ निश्चय. आजोबांना पश्चात्ताप झाला, त्यांनी नातवाला शोधून परत आणले. १९०७ साली बच्छराज निवर्तले आणि पेढीचा सारा भार या तरुणाच्या खांद्यावर आला. परंतु एकदा सोडलेली संपत्ती पुन्हा हातात आली तरी ती आपली मानायची नाही, आपण तिचे केवळ विश्वस्त, हा भाव त्यांच्या मनात कायमचा रुजला. पुढे गांधीजींनी विश्वस्तवृत्तीचा विचार मांडला तेव्हा जमनालालजींना तो नवा वाटला नसावा. त्याची दीक्षा त्यांनी आधीच घेतलेली होती.

पाचवा पुत्र

व्यापारात त्यांना उत्तम यश आले. सरकारदरबारीही मान मिळाला. ते मानद मॅजिस्ट्रेट झाले, रायबहादूर ही पदवी मिळाली. सामान्य माणसाचे आयुष्य येथेच कृतार्थ झाले असते. जमनालालजी मात्र गुरूच्या शोधात होते. दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींना त्यांनी साबरमतीच्या आश्रमात जवळून पाहिले, बोलणे आणि वागणे यांचा मेळ ताळ्यावर घासून पाहिला आणि मगच मन वाहिले. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्षपद जमनालालजींकडे होते. त्याच सुमारास त्यांनी गांधीजींपुढे एक विलक्षण मागणी ठेवली. आपल्याला त्यांनी पाचवा पुत्र मानावे! गांधीजींनी ती मान्य केली आणि शेवटपर्यंत पाळली. दत्तक म्हणून एका घरातून दुसऱ्या घरात गेलेला हा पुरुष आता स्वेच्छेने तिसऱ्या पित्याच्या ओटीत बसला.

१९२१ साली असहकाराच्या हाकेस ओ देऊन त्यांनी रायबहादूर ही पदवी परत केली. वकिली सोडणाऱ्या देशभक्तांच्या चरितार्थासाठी एक लाख रुपये दिले. काँग्रेसचे खजिनदारपद त्यांच्याकडे आले ते आमरण राहिले. त्याच वर्षी वर्ध्याला सत्याग्रहाश्रमाची शाखा निघाली आणि तिचा भार वाहण्यास विनोबा भावे आले. घरातही क्रांती झाली. जानकीदेवींनी दागिने उतरविले, पडदा सोडला, सूत कातण्यास आरंभ केला. मारवाडी समाजातील त्या काळच्या रूढी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांनाच या पावलाची किंमत कळेल.

जबलपूरचा टाऊन हॉल

आता मूळ विषयाकडे येतो. १९२२ च्या उत्तरार्धात हकीम अजमलखान यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसची एक समिती जबलपूरला आली, तेव्हा येथील टाऊन हॉलवर तिरंगा चढविण्यात आला. हा तिरंगा आजच्याहून निराळा होता : वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा, आणि त्यावर चरखा. एका नगरपालिकेच्या इमारतीवर फडकलेल्या त्या कापडाने थेट इंग्लंडच्या पार्लमेंटात प्रश्न उपस्थित झाला आणि असे पुन्हा घडणार नाही, अशी ग्वाही तेथे देण्यात आली.

मार्च १९२३ मध्ये काँग्रेसची दुसरी समिती जबलपूरला आली. राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी, देवदास गांधी आणि जमनालाल बजाज अशी मंडळी तिच्यात होती. नगरपालिकेने त्यांना मानपत्र देण्याचे ठरविले आणि टाऊन हॉलवर झेंडा लावण्याची परवानगी मागितली. डेप्युटी कमिशनरने उघड नकार दिला नाही. त्याने एक अट घातली : तिरंगा लावावयाचा तर त्याच्या सोबत युनियन जॅकही फडकला पाहिजे.

वाचकांनी क्षणभर थांबून या अटीचा विचार करावा. वरवर पाहता ती किती समजूतदार वाटते! दोन्ही झेंडे लावा, कोणाचेच मन मोडू नका. सरकारी नोकरीत मुरलेल्या माझ्यासारख्याला तर ती उत्तम तोड वाटली असती. परंतु नगरपालिकेचे अध्यक्ष कंछेदीलाल जैन यांनी ती मान्य केली नाही. शेजारी लावलेला झेंडा काहीतरी सांगत असतो. परक्या सत्तेचा झेंडा आपल्या झेंड्याशेजारी उभा केला, की त्या सत्तेचा अधिकार आपण आपल्या हाताने मान्य केला, असा त्याचा अर्थ होतो. मग मधली वाट उरली नाही. १८ मार्च १९२३ रोजी पंडित सुंदरलाल यांच्या पुढाकाराने मिरवणूक निघाली आणि प्रेमचंद जैन यांच्यासारख्या तरुणांनी टाऊन हॉलवर चढून झेंडा लावला. सुंदरलालजींना तुरुंगवास झाला.

हीच ती इमारत, जी आज गांधी भवन म्हणून ओळखली जाते आणि जिच्यावरून आपल्यापैकी कित्येकजण रोज बाजारात जातात!

नागपूरचा झेंडा सत्याग्रह

जबलपूर आणि नागपूर त्या काळी मध्य प्रांत या एकाच प्रांतात होते. जबलपूर हिंदी भाषकांचे, नागपूर मराठी भाषकांचे, आणि राजधानी नागपूर. हिंदी भागात पडलेली ठिणगी मराठी भागात गेली. १३ एप्रिल १९२३ रोजी, जालियनवाला बाग हत्याकांडाच्या स्मृतिदिनी, नागपूरच्या सिव्हिल लाइन्सकडे निघालेली झेंड्याची मिरवणूक पोलिसांनी अडविली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या त्या वसाहतीत तिरंगा घेऊन जाण्यास मनाई झाली. ही मनाई मोडण्याचे ठरले आणि १ मे १९२३ रोजी झेंडा सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व जमनालालजींनी स्वीकारले.

१ मे! सदतीस वर्षांनी, १९६० साली, याच तारखेला महाराष्ट्र राज्य जन्मास आले. दरवर्षी आपण हा दिवस साजरा करतो. परंतु नागपूरच्या रस्त्यावर राष्ट्रध्वजासाठी पहिली तुकडी निघाली तीही याच तारखेला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

सत्याग्रहाची रीत साधी होती. स्वयंसेवकांची लहानशी तुकडी हातात झेंडे घेऊन निघे. सिव्हिल लाइन्सच्या सीमेवर पोलीस अडवीत. स्वयंसेवक मागे फिरण्यास नकार देत आणि पकडले जात. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांच्या गैरहजेरीत शांततेचा भंग न होता लढा चालेल काय, ही साऱ्या देशाला शंका होती, आणि त्या शंकेचे उत्तर देण्याची जबाबदारी एका व्यापाऱ्यावर आली होती. त्याने ती समर्थपणे पेलली. जूनच्या मध्यास सरकारने जमनालालजींना अटक केली. अठरा महिन्यांची कैद आणि तीन हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. दंड भरण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांची मोटार जप्त करण्यात आली. ती विकत घेण्यास नागपुरात कोणी पुढे येईना. अखेर गिऱ्हाईक शोधण्यासाठी तिला दूर काठियावाडात न्यावे लागले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदले आहे. नागपूरकरांनी न लावलेली ती बोली कोणत्याही जयघोषाहून मोठी होती.

त्यांच्या अटकेनंतर लढा थंडावला नाही. वल्लभभाई पटेल धावून आले, विठ्ठलभाईंनी साहाय्य केले. गुजरात, बिहार, कर्नाटक, तामिळनाड असे ठिकठिकाणचे स्वयंसेवक नागपूरला आले. हुबळीहून डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या सेवा मंडळाचे तरुण आले आणि माफीनामा लिहून देण्यास त्यांनी तुरुंगातही नकार दिला. त्याच वर्षी काकिनाड्याला हिंदुस्थानी सेवा दलाची उभारणी झाली, तिचे बीज या निर्धारात होते. वर्ध्याहून विनोबा आले व तुरुंगात गेले. जबलपूरच्या कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांनी स्त्रियांच्या वतीने अटक पत्करली. पंधराशेहून अधिक लोक बंदिवान झाले. नागपूरच्या तुरुंगात त्या पावसाळ्यात अनेक भाषा कानी पडत असतील. कोणाच्याही हाती आपल्या प्रांताचा झेंडा नव्हता. सर्वांचा झेंडा एक होता, आणि म्हणूनच त्या साऱ्या भाषांना तेथे जागा होती.

१८ ऑगस्ट १९२३ रोजी झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून निर्वेधपणे गेली. थोड्याच दिवसांत बंदिवान सुटले. सरकारने आपण हरलो असे कबूल केले नाही. परंतु जो रस्ता बंद होता तो उघडला होता.

मंदिर आणि आश्रम

यापुढील जमनालालजींचे आयुष्य म्हणजे संस्थांची एक मालिकाच होय. गांधी सेवा संघ, चरखा संघ, सस्ता साहित्य मंडळ या साऱ्यांना त्यांचा हात लागला. त्यातील एकच गोष्ट विशेषेकरून सांगतो. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर बच्छराजांच्या घराण्याचे. जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी ते अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुले केले. जातभाई रुसले, आप्तांनी बहिष्काराची भाषा केली. ते डगमगले नाहीत. झेंडा सर्वांचा म्हणावयाचे आणि देव मात्र काहींचा ठेवावयाचा, हा दुटप्पीपणा त्यांच्या हिशेबाच्या वहीत बसत नव्हता.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ले येथील छावणीची धुरा त्यांनी वाहिली व कारावास भोगला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी मराठीतून गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे सर्वश्रुत आहे. त्या श्रोत्यांत जमनालालजी होते. मारवाडीत जन्मलेला, हिंदीचा प्रचार करणारा, गुजराती महात्म्याचा मानसपुत्र झालेला हा माणूस गीतेचा अर्थ मराठीतून ऐकत होता! पुढे १९३७ साली मद्रासला भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्याने भूषविले. एक भाषा धरली म्हणून दुसरी सोडावी लागते, असे त्याला कधी वाटले नाही.

१९३४ साली त्यांच्या आग्रहाने गांधीजी वर्ध्याला राहण्यास आले. आपली बाग त्यांनी ग्रामोद्योगाच्या कामासाठी देऊन टाकली, तीच मगनवाडी. १९३६ मध्ये गांधीजी जवळच्या सेगाव खेड्यात राहावयास गेले, तेथेही जमनालालजींची जमीन होती. गजानन महाराजांच्या शेगावाशी नावाचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागले, तेव्हा पुढे सेगावचे सेवाग्राम झाले. देशाचे कारभारी वर्ध्याच्या गाडीने येऊ लागले आणि बजाजवाडीत उतरू लागले.

संस्थानाचा झेंडा

झेंड्याच्या प्रश्नाने त्यांच्या आयुष्याला पुन्हा एकदा स्पर्श केला, तो संस्थानी प्रजेच्या चळवळीत. प्रत्येक संस्थानाचा आपापला झेंडा असे. जयपूरचा पंचरंगी होता. संस्थानात तिरंगा लावावयाचा की नाही, लावला तर संस्थानाच्या झेंड्याचे काय, हा प्रश्न १९३८ साली म्हैसूरमध्ये रक्तरंजित झाला. २५ एप्रिल १९३८ रोजी विदुराश्वत्थ येथे झेंड्यासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. वल्लभभाई पटेल व आचार्य कृपलानी तेथे गेले. दिवाण मिर्झा इस्माईल यांच्याशी बोलणी झाली. समारंभाच्या प्रसंगी तिरंगा आणि म्हैसूर संस्थानाचा झेंडा हे दोन्ही सोबत लावावेत, असा तोडगा निघाला. जमनालालजी त्या वेळी काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद होते.

येथे मला माझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले. १९२३ साली जबलपूरला दोन झेंडे सोबत लावण्यास ज्यांनी नकार दिला, त्यांनीच पंधरा वर्षांनी म्हैसूरला दोन झेंडे सोबत लावण्यास संमती दिली. हा विसंवाद नव्हे. जबलपूरला शेजारचा झेंडा परक्याच्या हुकमतीचा होता. म्हैसूरला तो आपल्याच बांधवांच्या मातीचा होता. घरातल्या माणसाला शेजारी बसविण्यात अपमान नसतो. बसण्याचा क्रम तेवढा ठरवावा लागतो.

त्याच वर्षी जमनालालजी जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष झाले. जयपूर ही त्यांची जन्मभूमी. मुलखात दुष्काळ पडला होता; मदतकार्यासाठी ते डिसेंबर १९३८ च्या अखेरीस निघाले असता सवाई माधोपूर स्थानकावर त्यांना प्रवेशबंदीचा हुकूम दाखविण्यात आला. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी ती बंदी मोडली. दोनदा त्यांना हद्दीबाहेर नेऊन सोडण्यात आले, दोनदा ते परत गेले. शेवटी त्यांना ऑगस्टपर्यंत स्थानबद्ध करण्यात आले. ज्या मातीतून बालपणीच उचलून त्यांना वर्ध्याला आणले गेले, त्या मातीसाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी पुन्हा कैद सोसली. वर्धा त्यांनी आपले केले होते, पण सीकर टाकलेले नव्हते. या दोन्हींच्या पुढे मात्र देश होता. हा क्रम त्यांच्या मनात कधी चुकला नाही, म्हणून दोन्ही घरांवरचे प्रेम त्यांना निर्भयपणे करता आले.

वैयक्तिक सत्याग्रहात त्यांनी नागपूरच्या तुरुंगाचे पुन्हा दर्शन घेतले. १९४१ साली प्रकृती ढासळल्याने सुटका झाली. त्यानंतर राजकारणातून मन काढून ते गोसेवेस लागले आणि वर्ध्याजवळ गोपुरीत एका झोपडीत राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे अकस्मात निधन झाले. वय अवघे बावन्न. स्वतंत्र देशाचा ध्वज पाहण्याचे त्यांच्या भाग्यात नव्हते. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने अशोकचक्रांकित तिरंगा स्वीकारला, तेव्हा ते नव्हते. त्यांच्या तुकडीतील कित्येकजण मात्र होते.

आपल्यासाठी

आपल्या राज्यघटनेने घटक राज्यांसाठी स्वतंत्र ध्वज नेमून दिलेले नाहीत. जम्मू-काश्मीर राज्याचा झेंडा तिरंग्यासोबत लावला जाई, तो २०१९ पर्यंत. कर्नाटक शासनाने २०१८ साली आपल्या राज्यासाठी ध्वजाचा नमुना केंद्राकडे पाठविला होता. महाराष्ट्राला राज्यध्वज नाही. १ मे रोजी तेथे सरकारी इतमामाने जो ध्वज चढतो तो तिरंगाच असतो. आपण लावतो तो भगवा आपल्या श्रद्धेचा व इतिहासाचा आहे, आणि त्याला आपल्या मंडळात जागा आहे, यात मला तिळमात्र शंका नाही.

नियम इतकाच आहे : अन्य कोणताही झेंडा राष्ट्रध्वजाहून उंच असू नये. ध्वजांची रांग असेल तर राष्ट्रध्वज रांगेच्या अगदी उजव्या टोकाला असावा. ही उजवी बाजू ध्वजाची, म्हणजे श्रोत्यांकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्याची. समोर बसलेल्या प्रेक्षकांना तो डाव्या हातास दिसेल. दोन काठ्या भिंतीवर तिरप्या लावल्या तर राष्ट्रध्वज त्याच्या उजव्या बाजूस यावा आणि त्याची काठी दुसरीच्या पुढे असावी. एवढे केले की झाले. यात दुसऱ्या कोणाला कमी लेखणे नाही. उजवा हात मानाचा, म्हणून तो ज्येष्ठाला दिला, इतकेच.

गेल्या वर्षी त्या वृद्ध सभासदांच्या घरी गेलो आणि त्यांना ही सारी हकीकत सांगितली. जप्त मोटारीला नागपुरात गिऱ्हाईक मिळाले नाही, हे ऐकून ते बराच वेळ हसले. मग गप्प झाले. त्यांचे बालपण नागपुरात गेले होते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. यंदा १ मेला ते सर्वांच्या आधी सभागृहात आले होते. हातात काठी, अंगात जुना कोट. भगव्याची काठी त्यांनी स्वतः बेताची कापून आणली होती, आणि व्यासपीठाची उजवी बाजू कोणती, हे ते स्वयंसेवकांना समजावून सांगत होते.

पन्नास वर्षे आपण या परप्रांतात मराठीपण जपले. वर्ध्याने एका राजस्थानी मुलाला जसे आपले केले, तसेच या शहराने आपल्याला आपले केले आहे. या ऋणाची जाणीव ठेवून पुढील पन्नास वर्षे आपण आपला झेंडा आणि आपला देश या दोहोंना ज्याच्या त्याच्या जागी उभे करावे, एवढीच या शुभप्रसंगी प्रार्थना. जमनालालजींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.